सॉनी चिबा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉनी चिबा म्हणजे नेमका कोण?

'किल बिल'च्या पहिल्या भागात ओकिनावाच्या एका छोट्या सुशीच्या दुकानात नायिका जाऊन बसते आणि एक वयस्कर, बडबड्या आचारी तिच्याशी गप्पा मारू लागतो. तिने हातोरी हांझो हे नाव घेताच त्याचा चेहरा क्षणात बदलतो. तो नट म्हणजे सॉनी चिबा. आपल्याकडच्या बहुतेक प्रेक्षकांनी त्याला पहिल्यांदा तिथेच पाहिलं, नाहीतर २००६ च्या 'टोकियो ड्रिफ्ट'मध्ये कामाता नावाच्या याकुझा (जपानी गुन्हेगारी टोळी) म्होरक्याच्या भूमिकेत. पण तोवर तो साठी ओलांडून गेला होता आणि जपानमध्ये चार दशकं पडदा गाजवून झाला होता. कराटेपट, याकुझापट, सामुराईपट, विज्ञानपट, टीव्ही मालिका, रंगभूमी, सगळीकडे त्याने काम केलं. माझ्या मते त्याची खरी ओळख वेगळीच आहे: मारामारी हा अभिनयाचाच भाग आहे, असं मानून त्याने ती स्वतः केली आणि दुसऱ्यांना शिकवली. पुढची बहुतेक उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतील.

'सॉनी चिबा' हे खरं नाव आहे का?

नाही. जन्मनाव सादाहो माएदा. जन्म जानेवारी १९३९, क्युशू बेटावरच्या फुकुओकात. वडील लष्करी विमानांचे चाचणी-वैमानिक होते. त्यांच्या कामामुळे कुटुंब टोकियोजवळच्या चिबा प्रांतात राहायला आलं आणि मुलगा तिथेच वाढला. सिनेमात आल्यावर त्याला शिनिची चिबा हे नाव मिळालं, त्यातलं 'चिबा' ते हेच. 'सॉनी' हे परदेशी बाजारासाठी. जपानी लोक त्याला आजही शिनिची चिबा म्हणूनच ओळखतात, त्यामुळे जुने जपानी सिनेमे शोधताना दोन्ही नावं टाकून पाहावीत.

त्याला खरोखर कराटे येत होतं, की नुसता कॅमेऱ्याचा खेळ?

येत होतं, आणि चांगलंच येत होतं. पण सुरुवात कराटेने झाली नाही. शाळेपासून तो जिम्नॅस्ट होता. निप्पोन क्रीडाविज्ञान विद्यापीठात तो शिकायला गेला, तो ऑलिंपिकचं स्वप्न घेऊन. कमरेच्या दुखापतीने ते स्वप्न मोडलं. विद्यापीठाच्याच काळात तो मासुतात्सु ओयामा यांच्याकडे कराटे शिकू लागला.

ओयामा हे कोरियात जन्मलेले आणि जपानमध्ये स्थायिक झालेले कराटे-गुरू, क्योकुशिन शैलीचे संस्थापक. ही शैली कडक म्हणून प्रसिद्ध आहे. स्पर्धेत हाताने चेहऱ्यावर ठोसा मारायला मनाई, पण अंगावर ठोसे आणि डोक्यापर्यंत लाथा पूर्ण ताकदीने, तेही अंगावर कसलंही संरक्षक कवच न घालता. इथे फटका टेकवून थांबायचं नसतं. चिबाला १९६५ मध्ये ब्लॅक बेल्ट मिळाला आणि १९८४ मध्ये चौथ्या दानपर्यंत (ब्लॅक बेल्टमधली चौथी पायरी) तो पोहोचला. तोवर तो मोठा स्टार झालेला होता.

त्याची लढत नीट पाहिली तर दोन्ही शिक्षणं वेगवेगळी दिसतात. उडी, कोलांटी, उंचावरून पडून पुन्हा उभं राहणं हे जिम्नॅस्टचं. जमिनीत पाय रोवून, श्वास आवळून दिलेला जवळचा फटका हा क्योकुशिनचा. या दोन्ही गोष्टी एकाच अंगात असलेले नट फार नव्हते.

सिनेमात तो कसा आला?

तोएई या स्टुडिओच्या नवोदितांच्या निवडीतून. १९६० मध्ये मुलांच्या एका टीव्ही मालिकेत सात वेषांतरं करणाऱ्या मुखवटाधारी नायकाची भूमिका त्याच्याकडे आली. १९६१ मध्ये मोठ्या पडद्यावर मुख्य भूमिका मिळाली आणि त्या सिनेमाचा दिग्दर्शक पहिल्यांदाच दिग्दर्शन करत होता: किंजी फुकासाकु. तिथून पुढे वीस वर्षं त्यांची जोडी टिकली. चिबाच्या उत्तम भूमिकांची यादी केली तर निम्म्यांच्या मागे फुकासाकु उभे दिसतात.

जपानच्या घराघरांत तो पोहोचला तो मात्र 'की हंटर' या मालिकेमुळे. १९६८ ते १९७३ अशी ती चालली. गुप्तहेरांची टोळी, दर आठवड्याला नवी कामगिरी, आणि त्यात चिबा स्वतःचे स्टंट स्वतः करायचा. याच मालिकेतली सहनायिका योको नोगिवा हिच्याशी १९७३ मध्ये त्याचं लग्न झालं.

ब्रूस ली गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागी चिबाला आणलं, हे खरं का?

अर्धवट खरं. ब्रूस ली जुलै १९७३ मध्ये गेला आणि 'एंटर द ड्रॅगन' जपानमध्ये त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागला. त्यानंतर जपानमध्ये कराटेची लाटच आली. तोएईकडे तेव्हा एक असा नट होता, ज्याच्याकडे खरा ब्लॅक बेल्ट होता आणि पाच वर्षांच्या मालिकेतून कमावलेली लोकप्रियता होती. स्टुडिओने संधी साधली, यात शंका नाही.

पण म्हणून त्याला ब्रूस लीची नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे. लाट यायच्या आधीच तो बारा वर्षं पडद्यावर होता, आणि दोघांची लढायची पद्धत अगदी वेगळी. ब्रूस ली चपळ, नेमका, देखणा. त्याचा नायक अन्यायाविरुद्ध लढतो. १९७४ मध्ये चिबाने जो माणूस उभा केला, त्याच्याकडे न्यायाची चाड म्हणावी अशी जवळपास नव्हतीच.

'द स्ट्रीट फायटर' एवढा गाजला, त्यात असं आहे तरी काय?

१९७४ चा हा सिनेमा, दिग्दर्शक शिगेहिरो ओझावा. चिबा इथे ताकुमा त्सुरुगी नावाचा भाडोत्री लढवय्या आहे. सुरुवातीलाच तो बौद्ध भिक्षूच्या वेषात तुरुंगात शिरतो. जुंजो नावाच्या एका कराटेबाजाला फाशी व्हायची आहे. त्सुरुगी त्याला असा एक ठोसा मारतो की थोड्या वेळाने तो कोसळावा, फाशी टळावी आणि वाटेत त्याला पळवता यावं. बेत पार पडतो. मग जुंजोचे भाऊ-बहीण ठरलेले पैसे देऊ शकत नाहीत. त्यांच्यातल्या भावाचा जीव जातो आणि बहिणीला त्सुरुगी विकून टाकतो. कथेचा नायक हाच!

इथे थोडं थांबून त्याचा चेहरा पाहण्यासारखा आहे. लढाईआधी तो श्वास आत ओढतो आणि घशातून खर्जात सोडतो, पोट आवळलेलं, गळ्याच्या शिरा ताठ, डोळे अर्धवट वटारलेले. कराटे शिकलेल्यांना हा श्वास ओळखू येईल. क्योकुशिनच्या वर्गात शिकवला जाणारा 'इबुकी' तो हाच. चिबाने तो वर्गातून उचलला आणि पात्राचा स्वभाव बनवला. तो श्वास ऐकला की समोरच्या माणसाचं काही खरं नाही, हे प्रेक्षकाला फटक्याआधीच कळतं. संवाद लागत नाही. मारामारीतून अभिनय म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हेच दृश्य दाखवीन.

बाकी सिनेमा अतिशय हिंसक आहे. एका ठोशाबरोबर पडदा एकदम क्ष-किरणांच्या चित्रासारखा होतो आणि कवटी फुटताना दिसते. बलात्कार करणाऱ्या एका गुंडाचं त्सुरुगी नुसत्या हाताने जे करतो, ते इथे लिहीत नाही. अमेरिकेत न्यू लाइन सिनेमाने तो आणला तेव्हा त्याला 'एक्स', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र मिळालं. तोवर ते नग्नता किंवा लैंगिक दृश्यांसाठी दिलं जायचं. निव्वळ हिंसाचारासाठी ते मिळवणारा हा पहिला सिनेमा म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी त्याचे दोन पुढचे भागही आले. पहिला सर्वांत चांगला, बाकीचे वेळ असेल तर.

व्हिडिओ गेमवरचा 'स्ट्रीट फायटर' तो हाच का?

नाही. गेम १९८७ चा आणि त्यावरचा हॉलिवूडपट १९९४ चा. चिबाच्या सिनेमाशी नाव सोडून कसलाही संबंध नाही. शोधताना १९७४ हे साल सोबत टाकावं.

तो फक्त हाणामारीचाच नट होता का?

हा समज जपानबाहेर फार पसरलेला आहे, कारण बाहेर गेले ते त्याचे कराटेपटच. १९७३ मधला फुकासाकुंचा हिरोशिमाच्या याकुझांवरचा सिनेमा पाहा. 'बॅटल्स विदाउट ऑनर अँड ह्युमॅनिटी' या मालिकेतला हा दुसरा भाग. त्यात चिबा आहे कात्सुतोशी ओतोमो. काळा चष्मा, डोक्यावर टोपी, तोंडात शिव्या, आणि कोणत्याही क्षणी भडका उडेल असा माणूस. ना कराटे, ना शिस्त.

गंमत म्हणजे ही भूमिका मुळात त्याची नव्हती. त्याच्याकडे यामानाका या एकाकी, आतल्या आत जळणाऱ्या मारेकऱ्याची भूमिका होती आणि ओतोमो होता किन्या किताओजी या नटाकडे. शेवटी दोघांची अदलाबदल झाली. शिस्तीचा खेळाडू अशी ज्याची ओळख, त्याने हा बेबंद गुंड असा काही रंगवला की याकुझापटांच्या चाहत्यांना तो आजही आठवतो. बसताना तो पाय कसे पसरतो, बोलताना धड कसं पुढे झोकून देतो, एवढंच पाहिलं तरी पुरे. इथेही बोलतं ते शरीरच, फक्त इथलं शरीर कुठलाच नियम पाळत नाही.

स्वतःच्या गुरूची भूमिका त्याने केली होती का?

हो, तीन सिनेमांत. १९७५ मध्ये दोन आणि १९७७ मध्ये एक, दिग्दर्शक काझुहिको यामागुची. ओयामांच्या आयुष्यावरच्या 'कराटे बाका इचिदाई' या गाजलेल्या मांगावर (जपानी चित्रकथेवर) ते बेतलेले आहेत. ओयामा बैलाशी लढले, ही त्यांची ख्याती. सिनेमात बैलही आहे आणि दुसऱ्या भागात अस्वलही. अस्वल उघड उघड कातडं पांघरलेला माणूस आहे, तेव्हा त्या प्रसंगाकडून फार अपेक्षा ठेवू नये. पाहण्यासारखा आहे तो डोंगरात एकट्याने केलेला सराव. ज्याच्या हाताखाली घाम गाळला त्याचीच भूमिका करायला मिळणं, हे भाग्य किती नटांच्या वाट्याला येतं?

सामुराईपटांत त्याचं काम कसं आहे?

माझ्या आवडीचा चिबा इथेच भेटतो. १९७८ मध्ये फुकासाकुंनी 'शोगन्स सामुराई' केला. तिसरा शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) कोण व्हावा यावरून दोन भावांत पेटलेला संघर्ष, आणि त्यात शोगुनच्या घराण्याला तलवार शिकवणारं याग्यू घराणं. चिबा एका डोळ्याचा याग्यू जुबेई आहे. वडिलांच्या भूमिकेत योरोझुया किन्नोसुके, जुन्या सामुराईपटांचा अव्वल नट. तो जुन्या वळणाने, ठसक्यात, नाटकी थाटात बोलतो. चिबा कमी बोलतो आणि फक्त उभा राहतो. बापलेकांतलं अंतर त्या उभं राहण्यातूनच कळतं. १९८१ च्या 'समुराई रीइन्कार्नेशन'मध्ये तो पुन्हा जुबेई झाला.

मधल्या काळात, १९७९ मध्ये, 'जी. आय. समुराई' आला. आजच्या जपानी सैन्याची एक तुकडी रणगाडा आणि हेलिकॉप्टरसकट चारशे वर्षं मागे, सरदारांच्या युद्धांच्या काळात जाऊन पडते. चिबा त्या तुकडीचा प्रमुख, आणि साहसदृश्यांची आखणीही त्याचीच. आधुनिक शस्त्रं असूनही, घोडे आणि भाले घेऊन आलेल्या सैन्यासमोर ही तुकडी हळूहळू कशी झिजत जाते, ते त्यात दीर्घ लढाईतून दाखवलं आहे. शेकडो माणसं, घोडे आणि स्फोट संगणकाशिवाय एकाच चौकटीत बसवायचे, तर आखणी करणाऱ्याला प्रत्येकाचं पडणंसुद्धा ठरवून द्यावं लागतं.

जपान ॲक्शन क्लब म्हणजे काय?

१९७० मध्ये चिबाने स्थापन केलेली संस्था, आणि त्याचं सर्वांत मोठं काम. तोवर जपानी सिनेमात नायक अभिनय करायचा आणि उड्या मारायला दुसरा माणूस यायचा, ज्याचं तोंड दिसू नये याची काळजी घेतली जायची. चिबाला ही फारकतच मान्य नव्हती. त्याने तरुण मुलामुलींना एकत्र घेऊन जिम्नॅस्टिक्स, कराटे, तलवारबाजी, उंचावरून पडणं आणि त्याच जोडीने अभिनय शिकवायला सुरुवात केली. पडणारा माणूससुद्धा पात्र म्हणूनच पडला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी.

तिथून काय निघालं ते पाहा. एत्सुको शिहोमी अठरा वर्षांची असताना १९७४ च्या 'सिस्टर स्ट्रीट फायटर'ची नायिका झाली. चिबा त्यात दुय्यम भूमिकेत आहे. शिष्येच्या पोस्टरवर गुरू मागे उभा. बाईने स्वतःच्या बळावर लढावं, तिला वाचवायला कुणी येऊ नये, असा हा सिनेमा त्या काळात होणं मला मोठी गोष्ट वाटते.

हिरोयुकी सानादाही इथलाच. पाच वर्षांचा असताना १९६६ मध्ये तो चिबाच्याच एका सिनेमात बालकलाकार म्हणून आला आणि पुढे क्लबमध्ये घडला. 'द लास्ट समुराई' आणि 'जॉन विक'च्या चौथ्या भागात तो आहे, आणि 'शोगुन' मालिकेसाठी २०२४ मध्ये त्याला टीव्हीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. त्या मालिकेत त्याने साकारलेला तोरानागा नुसता बसलेला असतानाही खोलीतली सगळी माणसं त्याच्याकडे पाहत राहतात. हे बसणं त्याने कुठल्या तालमीत कमावलं असेल, याचा अंदाज बांधायला चिबाचा जुबेई पाहावा.

मुलांच्या टीव्हीवरचे रंगीत मुखवटे घातलेले जपानी सुपरहीरो लढतात, त्या मुखवट्यांच्या आत अनेकदा याच क्लबची माणसं असत. १९९० मध्ये चिबाने माणसं मारणाऱ्या अस्वलाच्या शिकारीवर एक चित्रपट दिग्दर्शित केला. तो चालला नाही, आणि १९९१ मध्ये क्लब त्याच्या हातून गेला. पुढे जपान ॲक्शन एंटरप्राइज या नावाने संस्था चालू राहिली.

'किल बिल'मधला हातोरी हांझो आणि मुलांचा निन्जा हातोरी एकच का?

एक नाहीत, पण मूळ एक आहे. हातोरी हांझो हा सोळाव्या शतकातला खरा माणूस, इगा भागातल्या घराण्यातला, तोकुगावा इएयासूचा विश्वासू. १५८२ मध्ये ओदा नोबुनागाच्या मृत्यूनंतर इएयासू संकटात सापडला, तेव्हा त्याला इगाच्या डोंगरांतून सुखरूप बाहेर काढण्यात हांझोचा वाटा होता. टोकियोच्या राजवाड्याच्या एका दरवाजाला आजही हांझोमोन म्हणतात. आपल्याकडे मुलांनी टीव्हीवर पाहिलेला कार्टूनमधला छोटा हातोरी या घराण्याचं नाव घेऊन आलेला, म्हणून नाव ओळखीचं वाटतं.

१९८० ते १९८५ दरम्यान चिबाने 'कागे नो गुंदान' या टीव्ही मालिकेत हांझो साकारला. दिवसा साधा, थोडा वेंधळा माणूस आणि रात्री निन्जांच्या टोळीचा प्रमुख. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या काळातले निन्जा-प्रमुख, त्यातले काही हांझो, नट तोच. 'किल बिल'चा दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनोला ही मालिका ठाऊक होती. 'किल बिल'मधला तलवारी घडवणारा हांझो तिचीच आठवण आहे, आणि दुकानातला तो वेंधळेपणाही थेट तिथून आला आहे. दुकानात त्याच्याशी हुज्जत घालणारा टकला मदतनीस म्हणजे केंजी ओबा, चिबाच्याच क्लबमध्ये घडलेला नट. नायिकेला तलवार सुपूर्द करण्याच्या प्रसंगात चिबा जवळजवळ हलत नाही. पाठ ताठ, आवाज खाली. आधीचा बडबड्या आचारी कुठल्या कुठे गेलेला असतो.

टॅरंटिनोला चिबाचं एवढं वेड कधीपासून?

'किल बिल'च्या बरंच आधीपासून. त्याने लिहिलेल्या 'ट्रू रोमान्स'मध्ये (१९९३) नायक आपल्या वाढदिवशी एकटाच 'स्ट्रीट फायटर'चे लागोपाठ तीन सिनेमे पाहायला जातो. 'पल्प फिक्शन'मध्ये सॅम्युएल जॅक्सन गोळी घालण्याआधी बायबलच्या नावाने जो उतारा म्हणतो, त्याचा बराचसा भाग बायबलात नाहीच. तो आला आहे चिबाच्या 'द बॉडीगार्ड' या सिनेमाच्या अमेरिकी आवृत्तीच्या सुरुवातीतून. अमेरिकी वितरकांनी तो जोडला होता, आणि तिथे देवाच्या जागी चक्क चिबाचं नाव आहे.

त्याच्या घरातलं आणखी कुणी या क्षेत्रात आहे का?

बरेच जण. धाकटा भाऊ जिरो १९७१ च्या 'कामेन रायडर'मध्ये नायकाचा साथीदार होता. योको नोगिवापासून झालेली मुलगी जुरी मानासे अभिनेत्री आहे. ते लग्न १९९४ मध्ये संपलं. दुसऱ्या लग्नापासून दोन मुलगे, माकेन्यू आणि गॉर्डन माएदा, दोघेही नट. माकेन्यूला आपल्याकडची तरुण मुलं चांगली ओळखतात: नेटफ्लिक्सच्या 'वन पीस'मध्ये तीन तलवारींनी लढणारा झोरो तोच.

त्याचा शेवट कसा झाला?

१९ ऑगस्ट २०२१ रोजी, कोविडमुळे झालेल्या न्यूमोनियाने, चिबा प्रांतातल्या किमित्सु इथल्या रुग्णालयात. वय ८२. त्याने लस घेतलेली नव्हती, असं तेव्हा जाहीर झालं. शेवटपर्यंत तो काम करत होता.

पाहायला सुरुवात कुठून करावी? मुलांना दाखवावेत का?

'किल बिल' पाहिला असेल तर थेट 'शोगन्स सामुराई'कडे वळा. तिथे कथाही भक्कम आहे आणि चिबाही पूर्ण ताकदीने आहे. मग हिरोशिमाचा याकुझापट, म्हणजे हा तोच माणूस का, असा प्रश्न पडेल. त्यानंतर 'द स्ट्रीट फायटर'. इंग्रजी डबिंग टाळून जपानी आवाजात, उपशीर्षकांसह पाहा. तो श्वास मूळ आवाजातच ऐकायला हवा. हाँगकाँगचा सिनेमा आवडत असेल तर १९९८ चा 'द स्टॉर्म रायडर्स'ही घ्या, त्यात तो खलनायक आहे.

लहान मुलांना 'स्ट्रीट फायटर' आणि याकुझापट अजिबात दाखवू नका. कराटेच्या वर्गाला जाणारी मोठी मुलं घरात असतील, तर ओयामांच्या जीवनावरचा पहिला सिनेमा आधी स्वतः पाहून, त्यातला डोंगरातल्या सरावाचा भाग तेवढा त्यांच्यासोबत बसून पाहा.